बाबांच्या मेंदूचा स्कॅन काढावा का?

पत्र :

माझे बाबा ७२ वर्षांचे, पोस्टातून निवृत्त. आत्याला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीला, अल्झायमर होता. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे शेवटची काही वर्षं ती आमच्याकडेच होती. शेवटी शेवटी ती बाबांनाच "तुम्ही कोण?" म्हणून विचारायची. मागच्या वर्षी ती गेली. तेव्हापासून बाबांनी "माझा चष्मा पाहिलास का?" एवढं विचारलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. हल्ली ते नावं विसरतात, टीव्हीवर काय बोलतायत ते अर्धवटच कळतं असं वाटतं, आणि मध्यंतरी बँकेत त्यांची सही जुळली नाही. दादा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, "अमायलॉइड पेट स्कॅन करून टाका, पैसे मी पाठवतो. लवकर कळलं तर आता औषधं आहेत." आमच्या जवळच्या सेंटरमध्ये ज्येष्ठांसाठी मेंदूच्या एमआरआयचं पॅकेज आहे, तिथेही मी विचारून आले. बाबा तयार होणार नाहीत, म्हणून "रूटीन चेकअप आहे" असं सांगून न्यायचं आमचं चाललंय. शिवाय आईला चक्कर यायची तेव्हा तिचा एमआरआय काढला होता. त्यात 'एज रिलेटेड सेरेब्रल ॲट्रॉफी' आणि 'फॅझेकास ग्रेड वन' असं लिहिलंय. म्हणजे तिलाही सुरुवात झाली का? आणि माझं काय? मी ४६ वर्षांची आहे.
– ठाण्याहून एक वाचक

उत्तर :

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. पेट स्कॅन आत्ता नको. पॅकेजमधला एमआरआयही नको. खोटं सांगून तर काहीच नको. डॉक्टरांकडे मात्र जा, आणि या महिन्यातच जा. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मला तपासून घ्याव्यात अशा वाटतात. एक सही, दुसरी टीव्ही. या दोन्हींचा अल्झायमरशी संबंध नसण्याचीच शक्यता जास्त, आणि तरीही दोन्ही महत्त्वाच्या.

सही न जुळणं हे विसरण्याचं लक्षण म्हणून तुम्ही लिहिलंय. पण सही माणूस आठवून करत नाही, ती हाताला पाठ असते. पोस्टात आयुष्यभर पावत्यांवर सह्या ठोकलेल्या माणसाची सही बदलली तर मी आधी हात बघेन. अक्षर बारीक होत चाललंय का? ओळीच्या शेवटाकडे जास्तच बारीक होतं का? शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का? चालताना एक हात हलायचा थांबलाय का? ही पार्किन्सनची सुरुवात असू शकते आणि तिच्यावर औषध आहे. किंवा नुसता बोटांचा संधिवात असेल. किंवा बँकेकडे पंचवीस वर्षांपूर्वीचा सहीचा नमुना असेल, आणि तो सत्तरीतल्या कोणाचाच जुळत नाही! घरातली जुनी पासबुकं, पत्रं काढा आणि अक्षर शेजारी शेजारी ठेवून बघा.

टीव्हीचं दुसरं. अर्धवट कळतं म्हणजे नेमकं काय? आवाज वाढवला की कळतं का? समोरासमोर बसून बोललं की कळतं, पण चार माणसं एकदम बोलायला लागली की गोंधळ होतो का? मग कान तपासा. ज्याला नाव नीट ऐकूच आलं नाही, त्याला ते आठवणार कुठून? घरचे मात्र धरून चालतात की बाबा विसरायला लागले.

आता खरोखर काळजी कशाची करायची ते सांगते. नाव ओठावर येऊन अडलं आणि दुपारी जेवताना "अरे, तो जोशी!" म्हणून आपोआप सुटलं, तर वयाच्या मानाने ठीक आहे. तासाभरात तोच प्रश्न तीनदा विचारला आणि विचारल्याचं ध्यानातही नाही, हे ठीक नाही. लाइटबिल दोनदा भरलं, रोजच्या भाजी मंडईतून येताना वाट चुकली, सकाळच्या गोळ्या घेतल्या की नाही यावरून रोज घोळ, बोलता बोलता साधे शब्द हरवून "ते हे रे, ते" एवढंच उरतं, हेही ठीक नाही. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो बाबा अजून स्वतःहून लक्षात ठेवून देतात का, की गेल्या वेळी कोणीतरी आठवण करून हाताला धरून न्यावं लागलं? तुलना शेजारच्या काकांशी करू नका, बाबांच्याच पाच वर्षांपूर्वीच्या कारभाराशी करा. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेली आठ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिचा सगळा भर 'पूर्वीपेक्षा बदल झालाय का' यावर आहे, आणि ती मुख्यतः घरातल्या माणसाला विचारायची असते. दोन किंवा जास्त ठिकाणी 'हो' आलं तर पुढची तपासणी. त्यासाठी मशीन लागत नाही, दहा मिनिटांच्या आत काम होतं.

आत्याबद्दल एक. तिला कितव्या वर्षी सुरू झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. सत्तरीनंतर झालं असेल, तर सख्ख्या भावाची जोखीम इतरांपेक्षा काहीशी वाढते, एवढंच. पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारा आणि एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा अल्झायमर एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी असतो, आणि तो बहुतेक वेळा पासष्टीच्या आतच डोकं वर काढतो. घरात चाळिशी-पन्नाशीत अशी दोन-तीन माणसं झाली असतील तर मला परत लिहा, मग सल्ला वेगळा असेल.

आता आईचा रिपोर्ट, कारण त्याने तुम्हाला विनाकारण घोर लावलाय.

'एज रिलेटेड सेरेब्रल ॲट्रॉफी' म्हणजे वयानुसार मेंदू थोडा आक्रसलाय. साठी उलटलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये हे वाक्य नसेल तरच नवल. डोक्याबाहेर केस पिकतात तसं डोक्याच्या आतही वय दिसतं. फॅझेकास हे ऑस्ट्रियातल्या एका न्यूरॉलॉजिस्टचं आडनाव. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात एमआरआयवर जे पांढरे ठिपके दिसतात, त्यांची शून्य ते तीन अशी प्रतवारी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सुचवली. ग्रेड वन म्हणजे तुरळक ठिपके. ते बहुधा बारीक रक्तवाहिन्यांच्या झिजेचे असतात, आणि त्यांचं दुखणं बीपी, शुगर आणि तंबाखूशी जास्त जोडलेलं आहे. आईचं बीपी आटोक्यात आहे का ते बघा आणि तो रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून द्या.

अल्झायमरच्या दृष्टीने एमआरआयमध्ये डॉक्टर ज्या जागी डोळे बारीक करून बघतात ती जागा वेगळी आहे. कानशिलाच्या आत, मेंदूच्या बुडाशी दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी पक्क्या होण्यासाठी तो लागतो. चेहऱ्याला समांतर काप घेतले की तो नीट दिसतो. तो झिजला की शेजारची पाण्याची पोकळी रुंदावते आणि चित्रात काळी जागा वाढते. यालाही शून्य ते चार असं मोजमाप आहे, नेदरलँड्समधल्या फिलिप शेल्टन्स यांनी १९९२ मध्ये मांडलेलं. गंमत अशी की पंचाहत्तरीच्या पुढे ग्रेड टू सुद्धा सामान्य धरतात, आणि त्याच ग्रेडला साठीत भुवया उंचावतात. तेव्हा रिपोर्टमधला आकडा वयाशिवाय वाचायचाच नाही. एका स्कॅनपेक्षा काही अंतराने काढलेले दोन स्कॅन जास्त बोलके असतात. निरोगी म्हाताऱ्या माणसाचा हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण दीड टक्का आक्रसतो, अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. मात्र हा हिशोब घरबसल्या मांडायचा नाही. दोन वेगळ्या सेंटरची, दोन वेगळ्या मशीनची चित्रं अशी एकमेकांना लावता येत नाहीत.

पॅकेजवाल्या सेंटरांबद्दल माझं मत चांगलं नाही, ते स्पष्टच सांगते. काही ठिकाणी सॉफ्टवेअर मेंदूच्या एकेका भागाचं आकारमान काढतं आणि "तुमच्या वयाच्या लोकांत तुम्ही अमुक पर्सेंटाइलला" असा रंगीत कागद हातात देतं. तुमच्या वयाचे लोक म्हणजे कोण? बहुतेक वेळा अमेरिका-युरोपातले. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा आपला मेंदू उंची, रुंदी आणि आकारमानात पाश्चात्त्यांच्या सरासरीपेक्षा लहान निघाला. याचा बुद्धीशी काही संबंध नाही, पण मोजपट्टी कोणाची आहे याच्याशी नक्की आहे. अशा कागदावर 'कमी' असं लाल अक्षरात आलं की त्या घराची झोप उडते.

मग एमआरआय निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. डॉक्टरांनी तपासून खरंच विस्मरण आहे असं सांगितलं, तर एमआरआय काढायचाच. तो मुख्यतः इलाज होणाऱ्या गोष्टी हातून सुटू नयेत म्हणून. बाथरूममध्ये डोक्याला किरकोळ मार लागलेला असतो, घरात कोणाच्या लक्षातही नसतं, आणि काही आठवड्यांनी कवटीच्या आत साकळलेलं रक्त मेंदूला दाबायला लागतं. माणूस गोंधळतो, सुस्त होतो. किंवा मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठतं, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल होते, लघवीवर ताबा राहत नाही आणि जोडीला विसराळूपणा. या दोन्हींवर शस्त्रक्रिया आहे आणि माणूस बराच सुधारू शकतो. म्हातारपण म्हणून सोडून दिलेली अशी माणसं असतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता दादांचा पेट स्कॅन. पेट म्हणजे एकच तपासणी असं समजू नका. कॅन्सरच्या रुग्णांमुळे जो पेट आपल्याकडे ठिकठिकाणी झालाय, त्यात ग्लुकोजसारखं द्रव्य टोचतात आणि कोणता भाग साखर जास्त खातो, कोणता कमी, ते बघतात. अल्झायमरमध्ये मेंदूच्या मागच्या आणि बाजूच्या ठरावीक भागांत साखरेची उचल कमी होते, त्यामुळे तोही उपयोगी पडतो. दादा म्हणतात तो वेगळा. अल्झायमरमध्ये पेशींच्या मधे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं साचतात. अलॉयस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ही पुटं आणि पेशींच्या आतल्या गाठी दाखवल्या, पण त्या मृत रुग्णाच्या मेंदूच्या कापांत, सूक्ष्मदर्शकाखाली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं जिवंत माणसात ती बघायची सोय नव्हती. पिट्सबर्गच्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी या पुटांना जाऊन चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य तयार केलं आणि २००४ मध्ये पहिल्या रुग्णांचे स्कॅन प्रसिद्ध झाले. त्या द्रव्यातला कार्बन वीस मिनिटांत निम्मा संपायचा, म्हणजे ते बनवणारं सायक्लोट्रॉन नावाचं यंत्र त्याच इमारतीत हवं. पुढे फ्लोरिनची द्रव्यं आली, त्यांना निम्मं व्हायला ११० मिनिटं लागतात. त्यामुळे ती सकाळी बनवून गाडीने दुसऱ्या रुग्णालयात नेता येतात. (आपल्या देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळला बसलं, २००२ मध्ये.) तरीही अमायलॉइडचा पेट अजून मोजक्याच शहरांत होतो आणि स्वस्त नाही.

ते चित्र वाचायचं कसं, हे ऐकलं तर तुमची भीती थोडी कमी होईल. टोचलेलं द्रव्य मेंदूच्या पांढऱ्या भागात सगळ्यांच्याच दिसतं, निरोगी माणसाच्याही. वाचणारा डॉक्टर बघतो ती हा पांढरा भाग आणि त्यावरची मेंदूची करडी साल यांच्यामधली सीमा. ती कातरलेल्या कागदासारखी स्पष्ट दिसली तर निगेटिव्ह. करड्या सालीतही द्रव्य चढून सीमा पुसली गेली असेल तर पॉझिटिव्ह. म्हणजे त्या चित्रातून कळतं ते एवढंच की पुटं आहेत की नाहीत. बाबा पुढे विसरतील का, कधी, किती, यातलं काहीही त्यात लिहिलेलं नसतं.

आणि पुटं असणं हे मुळीच दुर्मीळ नाही. २०१५ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्यांमध्येही पन्नाशीत सुमारे १० टक्के, सत्तरीत २३ टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के लोकांत अमायलॉइड सापडलं. म्हणजे बाबांचा स्कॅन आज काढला, तर काहीही झालेलं नसताना तो पॉझिटिव्ह यायची शक्यता साधारण चारात एक. पुढे काय? २०१८ मधल्या एका अमेरिकन हिशोबात, फक्त अमायलॉइड सापडलेल्या आणि बाकी सगळं नीट असलेल्या सत्तर वर्षांच्या पुरुषाला उरलेल्या आयुष्यात अल्झायमरचा डिमेन्शिया, म्हणजे रोजचा कारभार अडेल इतकं विस्मरण, होण्याची शक्यता पाचात एक अशी निघाली. बाकीचे चार जण दुसऱ्याच कुठल्यातरी कारणाने जातात, आणि जाईपर्यंत बायकामुलांना ओळखतात. पण पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात पडल्यावर आपण त्या चारांतले आहोत असं कोणाला वाटतं का?

अमेरिकेत शाळांमधून शिकवणाऱ्या ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा (नन) एक प्रसिद्ध अभ्यास आहे, डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला. सगळ्यांनी मृत्यूनंतर मेंदू द्यायचं कबूल केलं होतं. त्यातल्या सिस्टर मेरी शंभरी ओलांडून गेल्या. जिवंतपणी त्यांना स्मरणशक्तीच्या चाचण्यांत उत्तम गुण असायचे. मेंदू उघडून पाहिला तर आत पुटं आणि गाठी भरपूर. त्यांचा पेट स्कॅन नव्वदीत कोणी काढला असता, तर त्यांना काय सांगितलं गेलं असतं याचा विचार करा.

स्कॅनची बाजूही मांडते, नाहीतर दादांवर अन्याय होईल. लक्षणं खरीच आहेत पण कारण उमगत नाही, अशा वेळी हा स्कॅन फार कामाचा असतो. अमेरिकेत अकरा हजारांहून जास्त अशा रुग्णांवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दहापैकी सहा जणांच्या उपचारांत स्कॅननंतर बदल झाला. कोणाची अल्झायमरची गोळी बंद झाली, कोणाची सुरू झाली. पण ते सगळे लक्षणं असलेले लोक होते. ज्याला लक्षण नाही, किंवा ज्याच्याकडे केवळ घराण्याचा इतिहास आहे, त्याचा हा स्कॅन काढू नये असं तिथल्याच अल्झायमर्स असोसिएशनच्या आणि न्यूक्लिअर मेडिसिनच्या तज्ज्ञांनी २०१३ मध्ये लिहून ठेवलं. २०२४ मध्ये तर तज्ज्ञांतच जुंपली. एक गट म्हणतो, पुटं सापडली की आजार सुरू झाला, लक्षणं असोत-नसोत. दुसरा म्हणतो, लक्षणं येईपर्यंत तो फक्त जोखमीचा माणूस. पण ठणठणीत माणसाला नेहमीच्या दवाखान्यात ही तपासणी सुचवायला यातला पहिला गटही तयार नाही. दादांना एवढं वाचून दाखवा.

"औषधं आहेत" हा त्यांचा मुद्दा राहिला. लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधं अमायलॉइड धुऊन काढतात, हे खरं. अमेरिकेत ती २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झाली, तीही सौम्य लक्षणं सुरू झालेल्यांसाठी. लेकॅनेमॅबच्या चाचणीत १,७९५ रुग्ण होते. दीड वर्षानंतर, १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा ०.४५ गुणांनी बरे होते. घसरण मंदावली, थांबली नाही. त्यासाठी दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, मेंदूला सूज आली का हे बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय, आणि आठातल्या एकाला तशी सूज स्कॅनवर दिसली होती. मग लक्षणं येण्याआधीच द्यावं की? तेही करून पाहिलंय. सोलानेझुमॅब नावाचं याच जातीचं औषध ११६९ लक्षणं नसलेल्या पण पेटमध्ये अमायलॉइड सापडलेल्या ज्येष्ठांवर साडेचार वर्षं तपासलं. २०२३ मध्ये निकाल आला : फायदा शून्य. ते औषध कमी ताकदीचं होतं, म्हणून नव्या औषधांच्याही तशाच चाचण्या हाती घेतल्या गेल्या. त्यातून चांगलं काही निघालं तर मी माझा सल्ला बदलेन आणि इथेच लिहीन.

आता ज्यासाठी मला खरं तर हे पत्र छापावंसं वाटलं, ते. "रूटीन चेकअप."

बाबा तयार होणार नाहीत असं तुम्ही लिहिता. का होणार नाहीत, हे त्यांना विचारलंत का? सख्ख्या बहिणीने "तुम्ही कोण?" विचारलं ते त्यांना. तुम्ही त्यांचा चष्मा हरवण्याचे प्रसंग मोजताय, तर ते स्वतः मोजत नसतील? मला वाटतं ते तुमच्याआधीपासून मोजतायत, आणि कोणाशी बोलत नाहीयेत. वर्षभरापूर्वी बहीण गेलीय. दुःखात, उदासीत सुद्धा माणूस विसरतो. त्याचं लक्षच लागत नाही. झोप, भूक, सकाळचा पेपर, कट्ट्यावरच्या मित्रांत जाणं, यातलं काय कमी झालंय ते बघा. उदासीवर उपचार झाले की स्मरणशक्ती परत आल्याची उदाहरणं डॉक्टरांकडे भरपूर असतात.

फसवून नेलंत तर काय होईल? मशीनच्या त्या नळकांड्यात वीस-तीस मिनिटं धडाधड आवाजात पडून राहताना त्यांना कळणारच की हे बीपी-शुगरचं काम नाही. रिपोर्ट चांगला आला तर विश्वास गेला. वाईट आला तर आणखी अवघड. त्यांचं गुपित तुमच्यापाशी, दादांपाशी, वहिनींपाशी, आणि एक त्यांच्यापाशीच नाही. पुढे खरंच कधी मदतीची गरज लागली, तर "चला बाबा, डॉक्टरांकडे" या शब्दांना काही किंमत उरली पाहिजे.

तेव्हा सरळ विचारा. आई स्वयंपाकघरात असताना, दादा व्हिडिओ कॉलवर नसताना, तुम्ही दोघंच. "बाबा, आत्याचं झालं तेव्हापासून मला भीती वाटते. तुम्हाला वाटते का?" बस्स, एवढंच, आणि मग गप्प राहा. ते म्हणतील "मला काही झालेलं नाही", तर म्हणा, "मग माझ्या समाधानासाठी एकदा चला, सहीचं आणि कानाचं दाखवून येऊ." यात खोटं काहीच नाही. आणि सगळं समजावून दिल्यावरही ते म्हणाले, "मला हे जाणून घ्यायचंच नाही," तर तो त्यांचा हक्क आहे. मेंदू त्यांचा आहे.

पहिली भेट नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांची किंवा फिजिशियनची चालेल. पुढे गरज पडली तर न्यूरॉलॉजिस्ट. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, लघवीच्या तक्रारींवरच्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला धूसर करतात, आणि त्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या असल्याने डॉक्टरांच्या कागदावर नसतात. रक्तात बी-१२ आणि थायरॉइड तपासाच. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं, आणि त्याने विस्मरण होतं, हातापायाला मुंग्या येतात, तोलही जातो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर शुगर मधेच फार खाली जाते का ते विचारा. रात्री जोरात घोरतात आणि श्वास थांबल्यासारखा होतो का, हे आईला विचारा. स्मरणशक्तीची चाचणी मराठीतून घ्यायला सांगा. इंग्रजी फॉर्म तोंडी भाषांतर करून विचारला की शब्द आठवायच्या चाचणीतले गुण फुकट जातात.

दादांच्या पैशाचा उपयोग मी सुचवते. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा, आणि कानाचं यंत्र लागलं तर चांगलं घ्या, दोन्ही कानांचं. २०२३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत सगळ्यांना मिळून यंत्राचा फरक पडला नाही, पण ज्यांची जोखीम आधीच जास्त होती त्या गटात तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी चौदा कारणं मोजली. ती सगळी दूर झाली तर जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत बहिरेपण वरच्या जागी आहे. मोतीबिंदू अंगावर काढत असतील तर तेही उरकून घ्या, दृष्टी जाणंही त्या यादीत आलंय. बाबांना हिंदी-इंग्रजी येतच असणार, पोस्टातला माणूस. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी ६४८ डिमेन्शियाच्या रुग्णांचा अभ्यास केला, त्यात एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडल्याचं दिसलं, शिक्षण नसलेल्यांमध्येही. ही जमेची बाजू त्यांच्याकडे आधीच आहे.

कागदपत्रांचं मात्र स्कॅनची वाट न बघता करा. बऱ्याच घरांत "मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलंय" म्हणून निश्चिंत असतात. आपल्या कायद्यात देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे नेमकं लागतं तेव्हाच ते उपयोगी पडत नाही. बँक खाती दोघांपैकी कोणीही चालवू शकेल अशी संयुक्त करा, नॉमिनी तपासा, बाबांनी आणि आईनेही मृत्युपत्र करावं. बँकेत सहीचा नवा नमुना देणार आहातच, तेव्हाच हे करून टाका.

राहिला तुमचा प्रश्न. ४६व्या वर्षी तुमचा कुठलाही स्कॅन नको. जनुकांची तपासणीही नको. मेंदूच्या दृष्टीने चाळिशी ते पासष्टी हा काळ बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर आणि वजन सांभाळण्याचा. अमेरिकेत वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवून पाहिलं, तेव्हा विस्मरणाची पहिली पायरी गाठणाऱ्यांचं प्रमाण १९ टक्क्यांनी घटलं होतं. ते लोक बाबांच्या वयाचे होते. १२०चं हे लक्ष्य सगळ्यांना झेपत नाही, तुमचं आणि बाबांचं किती हवं ते डॉक्टरांना ठरवू द्या. आत्याचं सगळं करण्यात तुमचीही काही वर्षं गेलीत, तेवढ्यात स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलंत हे तुमच्या पत्रात नाही. बाबांना घेऊन जाल तेव्हा केसपेपर दोन काढा.